माणिकबागेतील खुर्ची

काशीला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूला होळकर हे नाव मुद्दाम शोधावे लागत नाही. नावेतून गंगेच्या काठाकाठाने जाताना दशाश्वमेध घाटाच्या शेजारीच अहिल्याबाई घाट दिसतो. विश्वनाथ मंदिराची आजची वास्तू अहिल्याबाई होळकर यांनी १७८० साली उभारली. २०२१ मध्ये मंदिराभोवती जो प्रशस्त परिसर खुला झाला, त्यातही त्यांचा पुतळा आहे. वाराणसीच्या नित्य जीवनात हे नाव असे मिसळून गेले आहे.

दीडशे वर्षांनंतर त्याच होळकरांच्या गादीवर असलेल्या एका तरुण राजाचे नाव मात्र निराळ्याच ठिकाणी आदराने घेतले जाते. पॅरिसची संग्रहालये, न्यूयॉर्कची लिलावगृहे आणि गृहसजावटीचे इतिहासकार त्याला ओळखतात ते त्याच्या खुर्च्यांमुळे. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर आणि त्यांच्या माणिकबाग राजवाड्यासाठी आसने घडविणारे जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस यांची ही हकिगत आहे. खुर्चीसारखी रोजच्या वापरातील वस्तू कलावस्तू कशी ठरते, तिचे मोल कशावर अवलंबून असते आणि ते मोल हातातून कसे निसटते, हे समजून घेण्यास याहून बोलके उदाहरण आपल्याजवळ क्वचितच सापडेल.

गादी ते खुर्ची

मराठी भाषेत सत्तेचे आसन म्हणजे ‘गादी’. राजा गादीवर बसतो, गादीला वारस लागतो, गादी दत्तकाकडे जाते. महेश्वरच्या राजवाड्यात अहिल्याबाईंची गादी आजही पाहावयास मिळते. विशाल प्रदेशाचा कारभार जिथून चालला, ती ही शुभ्र, साधी बैठक पाहून पाहुणा क्षणभर थबकतो. गादी, लोड आणि तक्के ही आपली मूळ बैठक. मांडी घालून जमिनीलगत बसण्याची सवय असलेल्या समाजात खुर्ची हे परके आसन होते. ती आपल्याकडे आली ती साहेबाच्या कचेरीतून, आणि पुढे सागवानी आरामखुर्चीच्या रूपाने वाड्याच्या ओसरीवर येऊन स्थिरावली.

यशवंतरावांचा जन्म १९०८ सालचा. वडील तिसरे तुकोजीराव यांनी १९२६ मध्ये राजत्याग केल्यावर ते गादीवर आले. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये, पुढे ऑक्सफर्ड येथे झाले आणि १९३० मध्ये राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. त्यांच्या पत्नी संयोगिताराजे या कागलच्या घाटगे घराण्यातील. म्हणजे हे दांपत्य दोन्ही अंगांनी मराठी होते आणि त्याच वेळी युरोपातील नव्या कलाप्रवाहांशी त्यांचा निकटचा परिचय होता.

फ्रेंच चित्रकार बर्नार बूते द मोंव्हेल यांनी महाराजांची दोन व्यक्तिचित्रे रंगविली. एकात महाराज पाश्चात्त्य सायंवेषात उभे आहेत. काही वर्षांनी काढलेल्या दुसऱ्यात ते शुभ्र मराठी वेष आणि पगडी परिधान करून पारंपरिक बैठकीवर बसलेले आहेत. दोन्ही चित्रांतील व्यक्ती एकच असून दोन्हींत ती सारखीच निःसंकोच दिसते. गादी न सोडता खुर्ची आपलीशी करावयाची, ही त्यांची वृत्ती त्या दोन चित्रांतून कळते.

तरुण महाराज, तरुण वास्तुकार

एकार्ट मुथेसियस यांचा जन्म १९०४ चा. वडील हेरमान मुथेसियस हे जर्मनीतील नामांकित वास्तुकार होते. इंग्लिश घरांवरील त्यांचा ग्रंथ त्या विषयात प्रमाण मानला जातो. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन वेर्कबुंड या संस्थेच्या प्रवर्तकांपैकी ते एक होते. कारागीर, कलावंत आणि कारखानदार यांनी एकत्र येऊन सामान्य वापराच्या वस्तूही सुंदर व टिकाऊ कराव्यात, हे त्या संस्थेचे ध्येय होते. पुत्राच्या हाती हा विचार जणू बाळकडू म्हणूनच आला.

महाराजांची आणि एकार्ट मुथेसियस यांची ओळख ऑक्सफर्डच्या दिवसांतली. इंदूरच्या माणिकबागेचे काम त्यांच्याकडे सोपविले गेले, तेव्हा महाराज जेमतेम बावीस वर्षांचे आणि वास्तुकार सव्वीस वर्षांचा होता. १९३० ते १९३३ या काळात राजवाड्याचे अंतरंग सिद्ध झाले. बाहेरून वास्तू साधी, सरळ रेषांची होती. आत मात्र दिवे, दाराच्या मुठी, कपाटे, पलंग, गालिचे, चांदीची भांडी या सर्वांचा एकत्रित विचार झालेला होता. कोणतीही वस्तू ‘बाजारात मिळाली म्हणून’ आलेली नव्हती. मुथेसियस यांनी काही वस्तू स्वतः रेखाटल्या आणि काही त्या काळातील अग्रगण्य युरोपीय रचनाकारांकडून मागविल्या. हे सामान सागरी मार्गाने हिंदुस्थानात आले आणि माळव्यातील त्या राजवाड्यात मांडले गेले. महायुद्धाला तोंड फुटले त्या १९३९ सालापर्यंत मुथेसियस यांचा भारताशी संबंध राहिला. पुढे ते बर्लिनला परतले आणि १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले.

दिव्यांची लाल खुर्ची

मुथेसियस यांच्या स्वतःच्या रचनांपैकी सर्वांत प्रसिद्ध आहे ती राजवाड्याच्या ग्रंथालयासाठी केलेली हातांच्या खुर्च्यांची जोडी. ऐसपैस, खोल आणि उंच पाठीच्या या खुर्च्या लाल कृत्रिम चामड्याने, म्हणजे आपण ज्याला सरसकट रेक्झिन म्हणतो तशा आवरणाने, मढविलेल्या होत्या. त्यांचे वैशिष्ट्य असे, की वाचनासाठी लागणारे विजेचे दिवे खुर्चीतच बसविलेले होते.

आज ही गोष्ट फारशी नवलाची वाटणार नाही. परंतु १९३० च्या सुमारास आपल्याकडील बहुसंख्य घरांत वीज पोहोचलेलीच नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे या कल्पनेचे धाडस कळते. रात्री वाचणाऱ्या माणसाला काय हवे असते? पाठीला आधार, हात टेकावयास जागा आणि पुस्तकावर नेमका पडणारा, डोळ्यांत न जाणारा उजेड. बहुतेक घरांत खुर्ची एकीकडे आणि दिवा दुसरीकडे असतो. मग माणूस खुर्ची सरकवितो किंवा मान वाकडी करून बसतो. मुथेसियस यांनी वाचनाची कृती हाच घटक धरला आणि तिला लागणारे सर्व एका आसनात आणले.

आवरणाची निवडही विचारपूर्वक होती. राजवाड्यासाठी खरे चामडे किंवा किनखाप परवडले नसते असे नाही. परंतु नव्या युगाची खुर्ची नव्या पदार्थांनी घडावी, धातू, काच आणि कृत्रिम चामडे यांना राजदरबारीही मान मिळावा, ही त्या पिढीच्या रचनाकारांची श्रद्धा होती. सोन्याचांदीच्या मुलाम्यावरून आसनाची प्रतिष्ठा ठरविण्याची रीत या खुर्चीने बाजूला सारली. बसणाऱ्याची किती काळजी घेतली आहे, ही तिची कसोटी होती.

हॉलंडमधील सुतारशाळेचे ऋण

मुथेसियस यांची खुर्ची पूर्णपणे समजावयाची, तर थोडा वेळ हॉलंडकडे वळावे लागते. खुर्चीविषयीच्या या नव्या विचाराची दोन महत्त्वाची पावले तिथल्या रचनाकारांनी टाकली होती.

पहिले नाव उत्रेख्त शहरातील खेरिट रीटफेल्ट यांचे. १८८८ मध्ये जन्मलेले रीटफेल्ट हे सुताराचे पुत्र; लहानपणीच वडिलांच्या कारखान्यात कामाला लागले. १९१८ च्या सुमारास त्यांनी एक हातांची खुर्ची केली. ठरावीक मापाच्या चौकोनी पट्ट्या आणि दोन सपाट फळ्या, एवढेच तिचे साहित्य. परंपरागत सुतारकामात एका लाकडात खाच पाडून दुसरे त्यात बसवितात. रीटफेल्ट यांनी पट्ट्या एकमेकींना लागून पुढे जाऊ दिल्या आणि आतून लाकडी खुंट्यांनी जोडल्या. त्यामुळे प्रत्येक पट्टी स्वतंत्र दिसते आणि खुर्ची कशी उभी आहे हे पाहताक्षणी उमगते. काही वर्षांनी त्यांनी ती लाल, निळ्या, पिवळ्या आणि काळ्या रंगांत रंगविली. आज ‘लाल-निळी खुर्ची’ या नावाने ती जगभर ओळखली जाते.

दुसरे नाव मार्ट स्टाम यांचे. १९२६ मध्ये त्यांनी वायूच्या नळासाठी वापरतात तसे नळ आणि कोपरे जोडून मागचे पाय नसलेली खुर्ची तयार केली. पुढच्या दोन पायांवरून नळी वर येते, बैठकीखालून मागे जाते आणि पाठीसाठी पुन्हा वर वळते. बसणाऱ्याचा भार अधांतरी तोलला जातो. १९२७ मध्ये श्टुटगार्ट येथील गृहप्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि लवकरच तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. मग प्रश्न उभा राहिला, की ही कल्पना नेमकी कोणाची? प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने या खुर्चीच्या रचनेवरील कलाविषयक हक्क स्टाम यांचा मानला. खुर्चीलाही ग्रंथाप्रमाणे कर्ता असतो आणि त्या कर्तृत्वाला कायद्याचे संरक्षण मिळू शकते, ही जाणीव या निर्णयाने दृढ झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हीच परंपरा डच घराघरांत आणि शाळाशाळांत पोहोचली. युद्धाने होरपळलेल्या त्या देशाला स्वस्त, हलके, टिकाऊ आणि मोठ्या संख्येने करता येईल असे सामान हवे होते. फ्रीसो क्रामर यांनी १९५३ च्या सुमारास ‘रिव्होल्ट’ नावाची खुर्ची केली. तिच्यात पोलादी नळीऐवजी पोलादाचा पातळ पत्रा दुमडून पाय केले होते. साहित्य कमी, पण दुमडीमुळे मजबुती पुरेशी. रीटफेल्ट यांचे पुत्र विम रीटफेल्ट यांनीही क्रामर यांच्याबरोबर काम केले. आज ‘विंटेज’ म्हणून जुन्या डच खुर्च्यांना जी मागणी आहे, ती प्रामुख्याने याच काळातील आहे. या शैलीला इंग्रजी पुस्तकांत ‘मिड-सेंच्युरी मॉडर्न’ म्हणतात. आपण तिला विसाव्या शतकाच्या मध्यावरची आधुनिक शैली म्हणू. माणिकबागेतील आसने तिच्या वीस वर्षे आधीची असली, तरी ती एकाच कुळातली आहेत.

एकाच छताखाली

माणिकबागेचे अपूर्वत्व असे, की त्या कुळातील अनेक नामांकित आसने तिथे एकत्र नांदत होती. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पॅरिसमध्ये काम करणाऱ्या आयलीन ग्रे यांची ‘ट्रान्सॅट’ ही खुर्ची महाराजांच्या खासगी दालनात होती. महासागर ओलांडणाऱ्या जहाजांच्या डेकवर प्रवाशांसाठी कापडी आरामखुर्च्या मांडलेल्या असत. त्यावरूनच हे नाव आले. लाकडाची सरळ, चकचकीत चौकट, तिच्या सांध्यांवर धातूच्या पट्ट्या आणि त्या चौकटीत झोळीसारखी टांगलेली मऊ बैठक, अशी तिची रचना. आपल्याकडील जुन्या कापडी आरामखुर्चीत बसलेल्या कोणालाही तिचे तत्त्व चटकन समजेल. शरीराने आसनाला जुळवून घ्यावयाचे नाही. आसनाने शरीराला जुळवून घ्यावयाचे.

ल कॉर्बुझिए, पिएर झानरे आणि शार्लोत पेरियाँ या तिघांनी मिळून १९२८ मध्ये सिद्ध केलेली, पहुडण्याची लांब खुर्चीही तिथे होती. धातूच्या कमानीवर ती पुढेमागे सरकविता येते आणि हव्या त्या कोनात स्थिर होते. महाराजांच्या अभ्यासिकेसाठी फ्रेंच रचनाकार एमिल-झाक रुलमान यांनी आबनुशी लाकडाचे मेज आणि खुर्ची दिली होती. रुलमान हे उंची लाकूड आणि बारीक कारागिरी यांचे अखेरचे मोठे उपासक, तर पेरियाँ आणि त्यांचे सहकारी यंत्रयुगाचे समर्थक. युरोपात हे दोन पक्ष एकमेकांवर टीका करीत होते. इंदुरात मात्र दोघांचीही आसने एकाच छताखाली मांडली गेली. रसिक धनको हा कलेच्या इतिहासात काय करू शकतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

यातील पिएर झानरे हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. १९५१ मध्ये ते स्वतः भारतात आले आणि चंदिगढ नगरीच्या उभारणीसाठी १९६५ पर्यंत येथे राहिले. तेथील सरकारी कचेऱ्यांसाठी त्यांच्या देखरेखीखाली सागवान आणि वेत यांच्या हजारो खुर्च्या तयार झाल्या. मात्र त्यांच्या सहभागातून घडलेले एक आसन त्यांच्या आधी सुमारे दोन दशके माळव्यात पोहोचले होते.

संसार विखुरला

माणिकबागेचे वैभव फार काळ टिकले नाही. १९३७ मध्ये संयोगिताराजे यांचे अकाली निधन झाले. महाराजांनी रुमानियात जन्मलेले शिल्पकार कॉन्स्टान्टिन ब्रांकुशी यांच्याकडून ‘अवकाशातील पक्षी’ या शिल्पाच्या तीन प्रती घेतल्या होत्या. एक पांढऱ्या संगमरवराची, एक काळ्या संगमरवराची आणि एक ब्राँझची. त्यांच्यासाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधण्याचा संकल्प होता आणि त्या कामी ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेले. परंतु ते मंदिर कधीच उभे राहिले नाही. १९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. १९६१ मध्ये मुंबईत महाराजांचे निधन झाले.

पुढील दोन दशकांत माणिकबागेतील वस्तू एकेक करून बाहेर पडल्या. संगमरवरी पक्ष्यांची जोडी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहासाठी विकत घेतली गेली. आज ती कॅनबेरा येथे आहे. ब्राँझचा पक्षी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. १९८० मध्ये मोनाको येथे सदबीज या लिलावगृहाने माणिकबागेच्या सामानाचा लिलाव केला आणि खुर्च्या, मेजे, दिवे जगभरच्या संग्राहकांकडे गेले. राजवाड्याची वास्तू तेवढी इंदुरात राहिली. १९७० च्या दशकापासून तिथे केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्याची कचेरी आली.

त्या वेळी अनेकांना ते सामान जुने, वापरून झालेले, फॅशनबाह्य वाटले असेल. काळाने निराळा निवाडा दिला. २०१४ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात महाराजांची एक ‘ट्रान्सॅट’ खुर्ची दहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. २०१९ च्या सप्टेंबरात पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने यशवंतरावांवर एक मोठे प्रदर्शन भरविले. जगभर विखुरलेला माणिकबागेचा संसार काही महिन्यांसाठी पुन्हा एकत्र आला, पण तो इंदुरात नव्हे, पॅरिसमध्ये.

कायद्याची चौकट

अशा वस्तू देशाबाहेर कशा जाऊ शकतात, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर कायद्याच्या व्याख्येत आहे. पुरावशेष व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार शिल्पे, चित्रे, नाणी, कारागिरीच्या वस्तू इत्यादी किमान १०० वर्षे जुन्या असतील तर त्या पुरावशेष ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. पुरावशेषांची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. परंतु १९८० मध्ये माणिकबागेतील खुर्च्या अवघ्या पन्नाशीच्या होत्या. म्हणजे वयाच्या अटीवर त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहत होत्या.

शतकापेक्षा कमी वयाच्या कलाकृतीलाही केंद्र सरकार ‘कलानिधी’ म्हणून घोषित करू शकते. मात्र त्यासाठी तिचा कर्ता हयात नसावा लागतो. १९८० मध्ये मुथेसियस हयात होते. त्यामुळे त्यांच्या लाल खुर्च्यांना तो मार्गही खुला नव्हता.

चंदिगढच्या बाबतीत असाच अनुभव आला. सरकारी कचेऱ्यांनी मोडीत काढलेल्या झानरे यांच्या खुर्च्या किरकोळ भावात विकल्या गेल्या आणि युरोप-अमेरिकेतील लिलावांत त्यांना मोठ्या किमती मिळू लागल्या. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंदिगढच्या वारसा-सामानाची विक्री व निर्यात रोखण्याचा आदेश दिला. तोपर्यंत पुष्कळ खुर्च्या बाहेर गेल्या होत्या.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९३० ते १९३३ या काळातील सामान लवकरच वयाची शंभरी गाठणार आहे. त्या पिढीचे जे फर्निचर आजही भारतातील घरांत, कचेऱ्यांत, ग्रंथालयांत आणि जिमखान्यांत आहे, ते हळूहळू कायद्याच्या दृष्टीनेही पुराणवस्तू ठरू लागेल.

आपल्या घरातील आसन

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आयलीन ग्रे यांची खुर्ची असण्याचा संभव नाही. तथापि आजोबांची सागवानी आरामखुर्ची, वेताने विणलेली हातांची खुर्ची, जुनी शिसवी बैठक किंवा परदेशातून परतलेल्या आप्तांनी आणलेले एखादे आसन अनेक घरांत असते. घर बदलताना प्रथम हेच सामान अडगळ वाटू लागते. ते भंगारात देण्यापूर्वी काही गोष्टी अवश्य पाहाव्यात.

खुर्ची उलटी करून बैठकीच्या खालची बाजू तपासावी. कारखान्याचा शिक्का, कागदी चिठ्ठी, धातूची पट्टी किंवा कोरलेला क्रमांक बहुधा तिथेच असतो. तो खरवडू नये आणि त्यावर रंगाचा हात मारू नये. जुने सांधे कसे जोडले आहेत ते पाहावे. खाच, खुंटी, स्क्रू यांवरून काळाचा अंदाज येतो. लाकडाचे मूळ पॉलिश घासून काढण्याची घाई करू नये. नवी झळाळी डोळ्यांना सुखावते, परंतु जाणकाराच्या दृष्टीने मूळ पृष्ठभाग गेला की वस्तूचे मोल बरेच घटते. फाटलेला वेत किंवा आवरण बदलणे भाग पडले, तर जुन्याचा एक तुकडा जपून ठेवावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तूची कागदपत्रे. खरेदीची पावती, जुने पत्र, ज्यात ती खुर्ची दिसते असे कौटुंबिक छायाचित्र, हे सारे एकत्र ठेवावे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ती कोणी, कोठून, कधी आणली हे लिहून त्यांची तारखेसह सही घ्यावी. माणिकबागेतील वस्तूंना आज जी प्रतिष्ठा आहे, तिचे एक मोठे कारण म्हणजे राजवाड्याची त्या काळातील छायाचित्रे. कोणती वस्तू कोणत्या दालनात होती, हे त्यांवरून दाखविता येते. दोन सारख्याच खुर्च्यांपैकी जिचा इतिहास सिद्ध करता येतो, ती कित्येक पटींनी मोलाची ठरते. वस्तू खरोखर मौल्यवान वाटत असेल, तर जाणकाराकडून मूल्यांकन करून विम्यात तिची स्वतंत्र नोंद करावी आणि मृत्युपत्रात ‘घरातील इतर सामान’ या सदरात तिला न ढकलता तिचा स्पष्ट उल्लेख करावा.

वस्तू आणि व्यवस्था

होळकर घराण्याच्या या दोन वारशांची तुलना विचार करावयास लावणारी आहे. अहिल्याबाईंनी काशीसह देशभर जी मंदिरे, घाट, धर्मशाळा उभारल्या, त्यांचा खर्च राज्याच्या तिजोरीतून न करता खासगीच्या उत्पन्नातून केला, असे इतिहास सांगतो. ही खासगी होळकर घराण्यातील स्त्रियांकडे चालत आलेली स्वतंत्र मिळकत होती. अहिल्याबाईंची धर्मकृत्ये वास्तू उभारून संपली नाहीत. तेथील पूजा, दुरुस्ती आणि सेवकवर्ग यांसाठी त्यांनी कायमची नेमणूक करून ठेवली. संस्थाने विलीन झाल्यानंतरही या धर्मादायांच्या देखभालीसाठी १९६२ मध्ये न्यास स्थापन करण्यात आला. कर्त्याच्या पश्चात वस्तूचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी आधीच देऊन ठेवले होते.

यशवंतरावांची रसिकता निःसंशय थोर होती. ज्या आसनांचे मोल जगाला पन्नास वर्षांनी कळले, ते त्यांनी बावीस-तेविसाव्या वर्षी ओळखले. परंतु त्या आसनांच्या मागे कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही. संग्रहालय झाले नाही, न्यास झाला नाही, आणि ब्रांकुशींच्या पक्ष्यांना मंदिरही मिळाले नाही. खासगी वस्तू खासगीच राहिल्या आणि मालकामागे विखुरल्या. आज त्या जगातील उत्तमोत्तम संग्रहालयांत सुरक्षित आहेत, ही समाधानाची बाब. त्या पाहण्यासाठी इंदूरकरांना परदेशी जावे लागते, ही खंत.

पुढील काळात भारतातील किती जुन्या आसनांची गती अशीच होईल, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे. ग्रंथालयाचे विश्वस्त, संस्थांचे चिटणीस, जुन्या वाड्यांचे वारसदार यांनी आपल्याकडील सामानाची एक साधी यादी, छायाचित्रांसह, आजच करावी. तिला फारसा खर्च लागत नाही; एक वही आणि एक दुपार पुरते. कोणती खुर्ची ठेवावयाची, कोणती द्यावयाची आणि कोणाच्या स्वाधीन करावयाची, याचा निर्णय मग अज्ञानाने होणार नाही.